नियोजनकाका

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मे महिन्यात येतो. मधल्या काळात मुलांना वाली नसतो. शाळेने सोडलेलं असतं, कॉलेजने घेतलेलं नसतं, आणि आईवडिलांनी ‘आता जरा मोकळा सोडू या’ असं एकमेकांना सांगून तिसऱ्याच दिवशी पश्चात्ताप सुरू केलेला असतो. या बेवारस दिवसांवर नियोजनकाकांचा डोळा असतो. मध्यमवर्गीय वस्तीत दर चार इमारतींमागे असा एक काका सापडतोच. मुलांना जमाखर्च शिकवला पाहिजे, करिअरचा तक्ता आखून दिला पाहिजे, मोठेपणी कसं जगायचं ते आत्ताच सांगून ठेवलं पाहिजे, या कळवळ्याने तो एप्रिलपासूनच अस्वस्थ असतो.

आमच्या डोंबिवली पूर्वेच्या सोसायटीतले काका 2001 साली एका राष्ट्रीयीकृत बँकेतून व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. त्या सुमारास बँकांतून माणसं घाऊक भावात घरी येत होती. कोणी यात्रेला गेलं, कोणी शेअरबाजारात गेलं, दोघे-तिघे शेअरबाजारातून परस्पर यात्रेला गेले. काका सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि त्यांनी फळा मागितला. तेव्हापासून दर मे महिन्यात ‘सुजाण नागरिक होताना’ ही कार्यशाळा भरते. नोटीसबोर्डावर हे नाव असतं. मुलं तिला ‘काकांचं बजेट’ म्हणतात.

काकांचं वय चौऱ्याहत्तर. मुलांनी खरं तर आजोबाच म्हणायला हवं, पण ते चालत नाही. आजोबा म्हटलं की मुदत संपलेल्या ठेवीसारखं वाटतं, असं ते म्हणतात. उलट ते स्वतः कोणत्याच मुलाला नावाने हाक मारत नाहीत. सत्तावीस वर्षं खातेक्रमांकांत काढलेल्या माणसाला नाव ही संदिग्ध गोष्ट वाटते; एका नावाची दोन माणसं असू शकतात, एका फ्लॅटचे दोन नंबर नसतात. त्यामुळे ‘बी-203, मागे बोलू नकोस’, ‘ए-302, पुढे ये’ असा वर्ग चालतो. एका फ्लॅटमधली जुळी आली तेव्हा त्यांनी ‘सी-104 प्रथम धारक’ आणि ‘सी-104 संयुक्त धारक’ अशी नोंद केली. दुसरीला राग आला, कारण ती सहा मिनिटांनी मोठी होती.

फी अकरा रुपये, आगाऊ. फुकटाची किंमत राहत नाही, हे तत्त्व. अकरा रुपयांची कार्बन घालून पावती मिळते. मुलं घरी जाऊन ती आईला दाखवतात आणि आई ती लगेच हरवते. एका मुलाने ‘क्यूआर कोड कुठाय?’ असं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, ‘पैसा हातातून जाताना दिसला पाहिजे. दिसला की दुखतो, आणि दुखला की राहतो.’ मुलाने घरून अकराची सुटी नाणी आणली. काकांनी ती दोनदा मोजली. हिशेबाचा पहिला धडा असा फी भरतानाच होऊन जातो.

पहिल्या दिवशी ‘उत्पन्न’. प्रत्येकाने वहीत उभी रेघ मारायची, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमा बाजूला उत्पन्नाचं साधन लिहायचं. बी-203ने लिहिलं, ‘आई’.

‘स्थिर की अस्थिर?’ काकांनी विचारलं.

‘मूडवर आहे.’

‘मग सरासरी काढ.’

त्याने काढली. महिन्याला चारशे रुपये आले, आणि त्यात बाबांनी आईला न सांगता दिलेले शंभर होते. काका गंभीर झाले. बेहिशेबी उत्पन्नावर अर्धा तास बोलले. त्या संध्याकाळी बी-203मध्ये काय घडलं ते बाहेर आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वहीत सरासरी तीनशेवर आली होती.

मग ‘गरज आणि चैन’. काकांनी मोबाइलचं रिचार्ज चैनीच्या खाली लिहिलं. वर्गात कुजबुज झाली. ए-302ने हात वर केला. ‘काका, तुमची पेन्शन जमा झाली हे तुम्हाला कसं कळतं?’ काकांनी खिशातल्या मोबाइलकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, आणि डस्टर घेऊन रिचार्ज पलीकडच्या रकान्यात नेलं. ते मोठ्या मनाचे आहेत. पुरावा दिला की नोंद दुरुस्त करतात, फक्त शेजारी तारीख घालून बारीक सही करतात.

मोठेपणाचं अंदाजपत्रक हा तिसरा दिवस. प्रत्येकाला पंचवीस हजार पगाराची चिठ्ठी मिळते, आणि त्यात महिना काढून दाखवायचा. काकांनी खर्चाची शीर्षकं घालून दिलेली असतात: घरभाडं, किराणा, वीज, प्रवास, औषधं, बचत, आकस्मिक. ‘आकस्मिक’ला पाच टक्के. आयुष्यातल्या सगळ्या न ठरवलेल्या गोष्टी त्या पाच टक्क्यांत बसल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. गेल्या मे महिन्यात वह्या तपासल्या, तर एकजात सगळ्यांनी घरभाड्यापुढे शून्य लिहिलेलं.

‘राहणार कुठे?’

‘इथेच,’ सगळे म्हणाले.

ही शक्यता काकांनी हिशेबात कधी धरलीच नव्हती. सी-104च्या संयुक्त धारकाने मात्र बाबांना महिन्याला दोन हजार द्यायचं लिहिलं होतं. काकांना गहिवरून आलं. ‘कशाचे गं, बाळ?’ ‘वायफायचे,’ ती म्हणाली.

प्रवासाच्या रकान्याला काका विशेष वेळ देतात, कारण तिथे ते खरोखर थोर आहेत. लोकलचा त्रैमासिक पास मासिक पासाच्या तिप्पट नसतो, 2.7 पट असतो, हे ते अशा आवाजात सांगतात की समोरच्याला आपण आजवर लुटले जात होतो असं वाटावं. ‘तीन महिन्यांचा प्रवास, दोन महिने एकवीस दिवसांच्या पैशांत! कोणती बँक देते असा परतावा?’ बी-203ने विचारलं, ‘आणि मधेच नोकरी गेली तर?’ काका म्हणाले, ‘पास असताना नोकरी सोडायची नसते.’ मागच्या पिढीतल्या किती जणांनी याच कारणाने नोकऱ्या टिकवल्या असतील, कोण जाणे.

काकांना सर्वांत मोठा धक्का शाळेच्या पुस्तकाने दिला. दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे, आणि नववीतही त्याच नावाचं एक आहे, हे त्यांना मुलांकडून कळलं. जीएसटी, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड, सगळं त्यात. जीएसटीआयएन पंधरा अक्षरांचा असतो हे ए-302ने तोंडपाठ सांगितलं. आपली मक्तेदारी सरकारने परस्पर काढून घेतली म्हणून काका दोन दिवस घुम्यासारखे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून बँकेची पैसे काढायची स्लिप काढली आणि त्याच ए-302समोर ठेवली. तिने ‘खातेदाराची सही’ इथे आपलं नाव सुवाच्य अक्षरांत, पूर्ण, वडिलांच्या नावासह लिहिलं.

‘सही कर.’

‘हीच.’

‘ही हजेरी झाली. सही कुठाय?’

वर्गात एकालाही सही नव्हती. काकांचा चेहरा उजळला. पुस्तकात नसलेलं काहीतरी सापडलं होतं. तो दिवस पूर्ण सहीला दिला गेला. कागदाचे ताव वाटले, प्रत्येकाने शंभर वेळा करायची, पहिली आणि शंभरावी जुळली पाहिजे. बी-203ची सही एका रेषेतून उठून विमानासारखी वर गेली. सी-104च्या प्रथम धारकाने शेवटच्या अक्षरावर टिंबाऐवजी बदाम काढला. काका चष्मा वर करून म्हणाले, ‘एक दिवस ही सही तुला गृहकर्जाच्या कागदावर करायची आहे. पानोपानी. तिथे बदाम काढशील?’ तिने विचार करून बदाम खोडला. मला विचाराल तर चोवीस वर्षांच्या कार्यशाळांत मुलांच्या खरोखर उपयोगी पडलेलं ज्ञान हेच. आज तिशीत असलेले काकांचे कितीतरी माजी विद्यार्थी बजेट करत नाहीत, पण त्यांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आलेला नाही.

सहीनंतर बँकभेट. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं, हे फार पालकांना ठाऊक नसतं. काका मुलांची रांग करून एका शाखेत गेले. दारातच त्यांनी सुरक्षारक्षकाला आपली ओळख दिली, हुद्दा सांगितला, सत्तावीस वर्षांची नोकरी सांगितली. तो अदबीने म्हणाला, ‘टोकन घ्या.’ टोकन घेतलं. नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी मोबाइलवर अर्ज भरायला सांगितलं. काका ‘काउंटर कशाला असतो’ यावर बोलू लागले, तोवर मागे मुलांनी अर्ज भरून टाकले होते. फक्त सहीचा नमुना कागदावर द्यायचा होता. तो सगळ्यांनी एका झटक्यात दिला. काउंटरवरची मुलगी चकित झाली. परत येताना काकांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला, आणि तो खर्च ‘आकस्मिक’मध्ये टाकला.

काकांचा पहिला पगार हा स्वतंत्र विषय आहे. तो दर वर्षी कमी होतो. मी प्रथम ऐकला तेव्हा चारशे ऐंशी होता. मधे चारशे दहा झाला. गेल्या वर्षी साडेतीनशेवर आला, आणि त्यात घर चालवून, भावाचं शिक्षण करून वर बचतही व्हायची. हा वेग राहिला तर काही वर्षांनी काकांनीच बँकेला पगार दिला असं ऐकायला मिळेल. पण पगारापेक्षाही त्यांचा जीव अडकला आहे तो व्याजदरात. 1986 ते 2000 या काळात पीपीएफवर 12 टक्के व्याज मिळायचं. हे बारा टक्के काका असे उच्चारतात की ऐकणाऱ्यानेही क्षणभर उभं राहावं. बहात्तरला दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं; बाराने भागलं की सहा. सहा वर्षांत दुप्पट! काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या सहा वर्षांत तयार झालेलं आहे. एप्रिल 2020 पासून तोच दर 7.1 वर आहे, म्हणजे दुप्पट व्हायला दहा वर्षं. काकांनी फळ्यावरचा आकडा बदलला, श्रद्धा तशीच ठेवली.

त्या श्रद्धेचा मुख्य दाखला वडापावाचा. रोजचा वीस रुपयांचा वडापाव सोडा. महिन्याचे सहाशे झाले. ते पीपीएफमध्ये टाका, 7.1 टक्क्यांनी तीस वर्षांत सात लाखांच्या वर होतात. ‘एका वड्यापायी सात लाख!’ असं म्हणून काका खडू ठेवतात. तेवीस वर्षं या वाक्यानंतर शांतता पसरायची. गेल्या मे महिन्यात ए-302ने मोबाइल काढला.

‘काका, तीस वर्षांनी वडापाव कितीला असेल?’

‘तो विषय नाही.’

‘रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य चार टक्के आहे, दोन वर दोन खाली. वरचे सहा धरू. तेव्हा वडापाव एकशे पंधराला. तुमच्या सात लाख एकोणीस हजारांत साधारण सहा हजार अडीचशे वडे येतात.’

‘आले ना? मग?’

‘आणि महिन्याचे सहाशे दर महिन्याला खाऊनच टाकले, भाव वाढत गेला तरी, तर तीस वर्षांत सव्वापाच हजार वडे होतात.’

काकांनी वहीत पडताळा घेतला. आकडे बरोबर होते. ते विजयी मुद्रेने म्हणाले, ‘म्हणजे हजार वडे जास्तच मिळतात की!’

‘हो. पण तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची असेन, आणि सहा हजार वडे एकदम खायचे. तळून कोण देणार?’

डोंबिवलीत एका ऑर्डरीवर सहा हजार वडे कोण तळेल, यावर वर्गात बराच वेळ सूचना येत राहिल्या. काका काही बोलले नाहीत. नेमक्या त्याच वेळी काकू पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. फळ्यावरचं वाचून त्या म्हणाल्या, ‘1975 साली मी दोन तोळे सोनं घेऊ म्हणत होते, तेव्हा काय म्हणाले होते ते विचारा जरा यांना.’ काकांनी न विचारताच सांगितलं: सोनं नुसतं पडून राहतं, काही उत्पन्न देत नाही. तेव्हा तोळा पाचशेच्या घरात होता. 2025च्या एप्रिलमध्ये तो लाखाला टेकला. मुलांनी भागाकार तोंडी केला. ‘दोनशेपट!’ असा एकच गजर झाला. ‘भावनिक गुंतवणूक तक्त्यात धरत नाहीत,’ असं म्हणून काकांनी पन्हं घेतलं. काकूंच्या हातात बांगड्या होत्या. काकांना न विचारता केव्हातरी घेतलेल्या असाव्यात. त्यांची पावती काकांच्या रजिस्टरला नाही.

शेवटचे दोन दिवस करिअरचे. राज्य सरकारने 2016च्या सुमारास दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली, त्याच्या फार आधीपासून काका मुलांचा कल काढत होते. त्यांच्या लेखी नोकऱ्या तीन प्रकारच्या: पेन्शनच्या, बिनपेन्शनच्या, आणि ‘हे काय असतं?’ पंधरा वर्षांपूर्वी तिसऱ्या रकान्यात एखादंच नाव पडायचं. आता गेम बनवणारे, रील करणारे, कॉम्प्युटरचं कुलूप मालकाच्या परवानगीने फोडणारे, सगळे तिथेच. काका प्रत्येकाला विचारतात, ‘साठीनंतर काय?’ पंधरा वर्षांच्या पोराला साठ हा आकडा नव्वदपेक्षा वेगळा वाटत नाही, त्यामुळे उत्तर येत नाही. मुलांनी एकदा उलट विचारलं, ‘काका, तुमचं करिअर कोणी ठरवलं?’

‘मामांनी.’

‘त्यांनी तुमचा कल पाहिला?’

‘त्यांनी फॉर्म पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.’

बी-203ने मात्र गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी जाहीर केलं: त्याला एसी दुरुस्त करायचे होते. आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तो करायचा. त्याच्या वडिलांना ही बातमी कळली, आणि पोराला सायन्स पटवून द्यावं म्हणून ते काकांकडे आले. योग असा की काकांचा एसी चार दिवस बंद होता. मे महिना, बाहेर कडक ऊन आणि घामाच्या धारा. दुरुस्ती करणारा ‘येतो’ म्हणायचा आणि यायचा नाही. काकांनी त्याला दिवसाला तीन वेळा फोन केला होता आणि प्रत्येक वेळी ‘साहेब’ म्हटलं होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी रीजनल मॅनेजरलाही एवढ्या कळकळीने साहेब म्हटलं नसेल.

वडील बसले. काकांनी रजिस्टर उघडलं, रेघ मारली. एका बाजूला दोन वर्षांचा क्लास, प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षांचं इंजिनीअरिंग, त्याची फी. दुसऱ्या बाजूला आयटीआयची फी. बेरजा केल्या. मग म्हणाले, ‘मे महिन्यात ज्याच्या मागे अख्खी डोंबिवली फिरते, त्याला पेन्शन कशाला हवी?’

‘काका, तुमच्या मुलाला घातलं असतंत का आयटीआयला?’

काकांनी पेन टोपणात घातलं. ‘त्याला मी विचारलंच नव्हतं,’ ते म्हणाले. ‘तक्ता माझ्याकडे तयार होता.’ मग पंख्याखाली सरकत त्यांनी पुढे विचारलं, ‘याला आयटीआय संपवून हातात काम यायला नक्की किती दिवस लागतील?’

बी-203 आता आयटीआयला जातो. वडील अजून जिन्यात भेटले की ‘पुढे डिप्लोमा करायचाय त्याला’ असं आपण न विचारताच सांगतात.

समारोपाच्या दिवशी काका आपलं स्वतःचं पीपीएफ पासबुक आणतात. नियोजन म्हणजे काय हे मुलांनी डोळ्यांनी पाहावं, यासाठी. खातं 1985-86 सालचं. पंधरा वर्षांची मुदत 2001 मध्ये पूर्ण झाली. पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं, आणि किती वेळा वाढवायचं याला मर्यादा नाही. काकांनी 2001, 2006, 2011, 2016 आणि 2021 मध्ये वाढवलं. पासबुक वर्गातून फिरलं. मुलांनी ते जपून हाताळलं. मधली एकही रक्कम काढलेली नव्हती. ए-302ने शेवटचं पान उलटून पाहिलं.

‘आता मुदत कधी संपते, काका?’

‘2026. तेव्हा आणखी पाच वर्षं वाढवायची.’

‘मग?’

‘मग 2031 ला पुन्हा.’

‘आणि हे पैसे खर्च कधी करायचे?’

काकांनी रजिस्टर उघडलं. उत्पन्न, गरज, चैन, बचत, आकस्मिक, सगळे रकाने वरून खाली पाहिले. एक पान मागे गेले, दोन पानं पुढे आले. वर्ग वाट पाहत होता. शेवटी त्यांनी चष्मा काढला, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, ‘ए-302, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.’